केमोथेरपीचे दिवस घरी कसे काढावेत: बेळगाव सीमाभागातील रुग्ण आणि घरच्यांसाठी

स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी द्यावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न निघतो तो त्रास किती होईल याचा. याला नेमके उत्तर कोणीच देऊ शकत नाही, कारण एकच औषध एकीला आठवडाभर अंथरुणावर पाडते आणि दुसरी चौथ्या दिवशी भाकऱ्या थापत असते. मात्र कोणता त्रास साधारण कोणत्या दिवशी येतो, त्यांपैकी कोणता घरी उपाय करून सोसता येतो आणि कोणत्यासाठी मध्यरात्रीही फोन करावा लागतो, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. आपल्याकडच्या बायका दुखणे अंगावर काढण्यात तरबेज असतात, आणि केमोच्या काळात नेमकी हीच सवय धोक्याची ठरते. म्हणून हा लेख डोसच्या दिवसांच्या क्रमाने लिहिला आहे. तो वाचून औषधांत स्वतःहून बदल मात्र करू नये. तो अधिकार तुमच्या कर्करोगतज्ज्ञांचा आहे.

पहिल्या डोसआधी

कोणती औषधे, किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने देणार, हे लिहून मागावे. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी २१ दिवसांच्या अंतराने चार वेळा देतात, काही ठिकाणी १४ दिवसांच्या अंतराने. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला एकदा असे १२ वेळा किंवा डोसिटॅक्सेल तीन आठवड्यांनी देतात. तुमचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्याप्रमाणे पुढे सांगितलेले दिवसही थोडे मागेपुढे होतील. रक्ततपासणी, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, हिपॅटायटिस बीची तपासणी आणि डॉक्सोरुबिसिन देणार असल्यास हृदयाची इको तपासणी आधी होते. किडलेला दात असेल तर दंतवैद्यांना याच वेळी दाखवावे, कारण जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर दात काढणे अवघड होऊन बसते. पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीने तो विषय पहिल्या डोसच्या आधीच काढावा. एकदा औषध सुरू झाले की बरेच पर्याय हातचे जातात. उपचारांच्या काळात गर्भ राहता कामा नये, आणि त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या न घेता कोणता मार्ग वापरावा हेही डॉक्टरांनाच विचारावे.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्या सर्व गोळ्यांबरोबर घरात चालू असलेले काढे, चूर्णे आणि गावठी औषधेही डॉक्टरांना दाखवावीत. ओळखीचा कोणीतरी हमखास गुळवेलीचा काढा सुचवतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि केमोची बरीचशी औषधे यकृतावाटेच शरीराबाहेर पडतात. सांगणाऱ्याचा मान राखून तो काढा बाजूला ठेवावा.

उपचार कुठे घ्यायचे, याला आपल्या भागात अनेक उत्तरे आहेत. बेळगावात केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि बिम्सचे जिल्हा रुग्णालय आहे. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर आणि मिरज सोयीचे पडते. काही जण हुबळीच्या नवनगरमधील कर्करोग रुग्णालयात, बेंगळुरूच्या किदवई कर्करोग संस्थेत किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. माझे मत विचाराल तर शस्त्रक्रिया किंवा दुसरे मत घेण्यासाठी लांब जायला हरकत नाही, पण केमो शक्यतो जवळच्या केंद्रात घ्यावी आणि मोठ्या रुग्णालयाने ठरवलेला औषधांचा तक्ता तिथे लेखी द्यावा. डोसची तारीख आधी ठरलेली असते, ताप मात्र कोणत्याही रात्री येऊ शकतो, आणि जांबोटी किंवा कणकुंबीच्या पावसात पहाटे तीन वाजता लांबचे रुग्णालय काही कामाचे नसते. घर फारच आडबाजूला असेल, तर पावसाळ्यातल्या प्रत्येक डोसनंतर पांढऱ्या पेशी कमी होण्याचे दिवस (साधारण सातवा ते चौदावा) बेळगाव-खानापुरातल्या नातेवाइकांकडे काढता येतील का, याचा विचार आधीच करून ठेवावा.

खर्चासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्डावर मंजूर खर्चाच्या ३० टक्के, कमाल दीड लाखापर्यंत मदत मिळते. सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र सहसा लागते, म्हणून ते आधी काढावे. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. कोल्हापूर किंवा मिरजेला जाणाऱ्यांनी प्रत्यक्षात लाभ मिळतो का, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

आता तीन वस्तू घरात आणाव्यात: डिजिटल थर्मामीटर, एक वही आणि खिशात मावेल असे एक कार्ड. वहीत डोसची तारीख हा पहिला दिवस धरून रोजचा ताप, जेवण, शौच आणि त्रास यांची एका ओळीत नोंद करावी. दुसऱ्या डोसच्या वेळी डॉक्टर मळमळीचे औषध बदलायचे की नाही हे याच ओळींवरून ठरवतात. कार्डावर रुग्णाचे नाव, कर्करोगाचा प्रकार, केमोच्या औषधांची नावे, शेवटच्या डोसची तारीख, कोणत्या हातावर शस्त्रक्रिया झाली आहे आणि वॉर्डाचा रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर लिहावा. ते इंग्रजीत आणि कन्नडमध्ये असावे, कारण तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरांना मराठी वाचता येईलच असे नाही, आणि गडबडलेल्या मुलाला त्या क्षणी औषधाचे नाव आठवतही नाही.

डोसच्या दिवशी

उपाशी जाऊ नये. पेज, इडली किंवा मऊ उपमा असे हलके खाऊन जावे. बाह्या सैल असलेला ब्लाऊज घालावा. ज्या बाजूला काखेतील गाठी काढल्या आहेत त्या हाताला सुई टोचू देऊ नये आणि त्या हातावर रक्तदाबही मोजू देऊ नये. दर वेळी नवी सिस्टर असते, तेव्हा हे दर वेळी तोंडाने सांगावे. त्या हातातल्या घट्ट बांगड्या आणि अंगठी काढून ठेवावी.

औषध चढत असताना शिरेजवळ जळजळ, दुखणे किंवा सूज जाणवली तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारावी. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले तर कातडी आणि खालचे मांस जळते. अशा वेळी ‘थोडेच राहिले आहे, संपू दे’ असा संकोच करू नये. हे औषध लाल असते, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाच्या आतील अस्तराला त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेले नसेल तर भरपूर पाणी प्यावे आणि लघवी तुंबवू नये. बसस्थानकावर स्वच्छतागृह बरे नसते म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. त्या दिवशी तरी परतीसाठी गाडीची सोय करावी.

पहिले चार-पाच दिवस

मळमळीच्या गोळ्या मळमळ सुरू व्हायची वाट न पाहता, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या असतात. उलट्या सुरू झाल्यावर पोटात गेलेली गोळी टिकतच नाही. बहुतेकींना ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि काही वेळा ॲप्रिपिटंट किंवा ओलान्झापिन देतात. यातल्या पहिल्याने शौचास घट्ट होते. दुसऱ्याने झोप उडते आणि रक्तातील साखर वाढते, म्हणून मधुमेह असलेल्या स्त्रीने या दिवसांत साखर अधिक वेळा तपासावी. चौथ्याने गुंगी येते, म्हणून ते बहुधा रात्री देतात. गोळ्या घेऊनही २४ तास पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर सलाईनची गरज असते, लिंबू-सरबताची नव्हे.

जेवण थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी घ्यावे. फोडणीचा वास सहन होत नाही, ही जवळपास प्रत्येकीची तक्रार असते; स्वयंपाक दुसऱ्याने करावा आणि रुग्णाला गार झालेले अन्न द्यावे, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, मुगाची खिचडी, आंबोळी हे पदार्थ या काळात पोटात राहतात. एकादशी, चतुर्थी, सोमवार यांचे उपवास उपचार संपेपर्यंत सोडावेत. घरातील वडीलधाऱ्यांनीच हे आपल्या तोंडाने सांगितले तर रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते.

सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत

मळमळ थांबते, तोंडाला चव येऊ लागते, आणि घरच्यांना वाटते की आता सुटलो. प्रत्यक्षात सर्वांत जपण्याचे दिवस हेच. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालते आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यातच मोडतात. तीन आठवड्यांच्या क्रमात त्यांची संख्या साधारण या आठवड्यात सर्वांत खाली जाते. अशा वेळी साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि पेशीच नसल्यामुळे पू किंवा सूज अशी नेहमीची लक्षणे दिसत नाहीत. दिसतो तो फक्त ताप.

म्हणून नियम एकच: थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप दिसला, अथवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर लगेच वॉर्डात फोन करावा आणि निघावे. सकाळची वाट पाहू नये. फोन करण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नये, कारण त्याने ताप उतरतो आणि संसर्ग मात्र वाढत राहतो. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळावे, अशी वैद्यकीय पद्धत आहे. गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जवळच्या दवाखान्यात आधी पोहोचलात तर ‘केमो चालू आहे’ हे पहिले वाक्य असावे आणि कार्ड पुढे करावे. नाहीतर साध्या तापाची गोळी देऊन घरी पाठवले जाण्याची भीती असते. ताप तोंडात मोजावा, चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. काखेत मोजल्यास आकडा कमी येतो, हे फोनवर सांगावे.

संसर्ग टाळण्याचे उपाय साधे आहेत, पण आपल्या चालीरीतींच्या आड येतात. आजाऱ्याला भेटायला न जाणे आपल्याकडे उणेपणाचे मानतात, त्यामुळे खोलीत पंधरा माणसे आणि दारात वीस चपला असे चित्र दिसते. भेटणाऱ्यांना तिसऱ्या आठवड्यात बोलवावे. सर्दी-खोकला असलेल्याने, तो जावई असला तरी, फोनवरच बोलावे. सौंदत्तीची यात्रा, बेळगावचा गणेशोत्सव, लग्नाचे मांडव या दिवसांत टाळावेत. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना साध्या एसटीने फुकट जाता येते, ही मोठी सोय आहे, पण तिच्यामुळेच बस खचाखच भरते. या आठवड्यात तपासणीला जायचेच असेल तर मास्क लावून, गर्दीची वेळ टाळून जावे. गोठ्यातले शेण काढणे, अंगण सारवणे, मळणीच्या धुळीत उभे राहणे ही कामे दुसऱ्याकडे द्यावीत. पाणी उकळून गार केलेले असावे. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळे आणि देवळातील तीर्थ या दिवसांत घेऊ नये. केळे, संत्रे यांसारखी साल काढून खायची फळे चांगली. दही-ताक तापवलेल्या दुधाचे, घरी ताजे लावलेले असावे, आणि तेही चालेल का हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी काही जणींना इंजेक्शन लिहून देतात, जे केमोनंतर किमान २४ तासांनी टोचतात. ते २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे. दुकानातून ते बर्फाच्या पॅकसह थर्मासमध्ये आणावे, पण इंजेक्शन आणि बर्फ यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घालावी, कारण गोठलेले इंजेक्शन टाकून द्यावे लागते. घरच्या फ्रीजमध्ये ते मधल्या कप्प्यात ठेवावे. दारात ठेवू नये आणि बर्फाच्या कप्प्याला लागूनही ठेवू नये. लाईट गेली तर फ्रीज उघडू नये. रोज बेळगावला जाण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील सिस्टर ते टोचतील का, हे आधी विचारून ठेवावे. या इंजेक्शनाने कंबर आणि मोठी हाडे ठणकतात. त्यासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितली असेल तर प्रत्येक गोळीच्या आधी ताप मोजावा.

तोंड येणे, जुलाब, थकवा

तोंडाच्या आतील त्वचा सोलवटते ती साधारण याच काळात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून ते पाणी दिवसभरात चार-पाच वेळा खुळखुळून थुंकावे. पाणी रोज नवे करावे. ब्रश मऊ असावा, मिश्री आणि तंबाखू पूर्ण बंद. खर्डा, ठेचा आणि तांबडा रस्सा काही दिवस विसरावा. भाकरी दुधात किंवा पातळ आमटीत कुस्करून खावी. घोटभर पाणीही गिळता येत नसेल किंवा जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर औषध लागते.

जुलाब झाल्यास ओआरएस सुरू करावे, पण जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण पेशी कमी असताना जुलाब हे संसर्गाचेही लक्षण असू शकते.

थकवा झोपेने जात नाही, असा बहुतेकींचा अनुभव असतो. रोज थोडे चालणे त्यावर खरोखरच उपयोगी पडते, मग ते अंगणातल्या अंगणात का असेना. जिना चढताना नव्याने दम लागत असेल, दोन्ही पायांवर सूज आली असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मात्र त्याला थकवा समजू नये. पहिली दोन हृदयाची आणि तिसरे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणे आणि अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग उठणे हेही त्याच दिवशी कळवण्याचे.

केस

डॉक्सोरुबिसिन आणि टॅक्सेन गटातील औषधांनी (पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल) केस जातात, आणि पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत ते मुठीने हातात येऊ लागतात. त्याआधी टाळू दुखते. केस आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर केसांचे पुंजके पाहण्याचा धक्का कमी होतो. टोपापेक्षा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा डोक्याला अधिक सुखाचा वाटतो. सिंथेटिक स्कार्फ घसरतो आणि घाम धरतो. भुवया-पापण्याही विरळ होतात. टिकलीच्या गोंदाने कपाळ खाजत असेल तर काही महिने टिकली लावू नये. हळदीकुंकवाला जायचे की नाही, हे त्या स्त्रीने ठरवावे, सासूने किंवा शेजारणींनी नव्हे.

टॅक्सेनचे डोस सुरू झाल्यावर

या औषधांनी होणारी मळमळ आधीच्या जोडीपेक्षा कमी असते, पण डोसनंतर दोन-चार दिवस अंग मोडून येते आणि पुढे बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात. मंगळसूत्राची आकडी लागेना, ब्लाऊजचे हूक सापडेनात, वाटी हातातून सुटू लागली, तर ते वहीत लिहून पुढच्या डोसआधीच सांगावे. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, आणि उशीर झाला तर बधिरपणा दीर्घकाळ राहू शकतो. बधिर बोटांना तव्याची धग कळत नाही, म्हणून सांडशी आणि जाड फडके वापरावे. शेतात आणि घरातही अनवाणी चालू नये. काटा रुतलेला कळत नाही आणि पेशी कमी असल्या तर त्याचीच जखम चिघळते. रोज रात्री कोणीतरी तळपाय पाहावेत. नखे काळसर पडतात, ती मागाहून वाढून जातात.

घरातील इतरांसाठी

कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने होत नाही. रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. मात्र डोसनंतर साधारण ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषधाचा अंश असतो. त्या दोन दिवसांत शौचालयात भरपूर पाणी ओतावे, घाण झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, आणि हे काम घरातील गरोदर बाईने करू नये.

शेवटच्या डोसनंतर

केस महिना-दोन महिन्यांत दिसू लागतात, सुरुवातीला कुरळे किंवा वेगळ्या रंगाचेही येतात. थकवा आणि मुंग्या ओसरायला काही महिने लागतात. पाळी परत येईल की नाही हे वयावर अवलंबून असते, आणि ती आलेली नसली तरी गर्भ राहू शकतो. ज्या बाजूच्या गाठी काढल्या त्या हाताने पाण्याची भरलेली कळशी उचलणे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. हात जड वाटला किंवा बांगडी घट्ट होऊ लागली तर सूज वाढण्याआधी दाखवावे. पुढे रेडिएशन, वर्षभर चालणारे ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन किंवा काही वर्षे घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या असू शकतात, त्यांची वेळापत्रके याच वहीत पुढच्या पानावर लिहावीत. छातीत बसवलेला पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी कातडीखाली ठेवलेली छोटी डबी) लगेच काढणार नसतील तर तो ठरावीक अंतराने, बहुधा महिन्यातून एकदा, औषधी द्रावणाने धुऊन घ्यावा लागतो. ती तारीख वॉर्डातून निघण्यापूर्वीच घ्यावी.